तुमच्या पात्राचा कोणता आकडा अजून लक्षात आहे?

काल जुनी खोकी आवरताना एका वहीत घडी घातलेल्या दोन कॅरेक्टर शीट्स सापडल्या. डी अँड डी, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर चालणारा पात्रांचा खेळ. त्याची तिसरी आवृत्ती, 2000 साली आलेली. एक माझ्या जादूगाराची: बुद्धी 17, काटकपणा 8. दुसरी धाकट्या बहिणीच्या चोराची. चपळाई 18, आणि त्या 18 भोवती पेन्सिलीने दोनदा गोल. तीन फाशांवर 18 पडायची शक्यता 216 मध्ये एक. आम्ही चार टाकून सगळ्यात लहान काढून टाकायचो, तरी तो आकडा पडला तेव्हा ती खुर्चीवर उभी राहिली होती.

आठवलं ते मात्र वेगळंच. तिसरी लेव्हल, तळघर, लोखंडी पेटी. ती फासा मुठीत खुळखुळवत होती आणि मी म्हणालो, "थांब, माझ्याकडे नॉक आहे." मंत्र मारला, पेटी उघडली. तिने फासा टाकलाच नाही. हळूच वहीवर ठेवला. त्यानंतर कुलूप दिसलं की ती आधी माझ्याकडे बघायची. पुढे दोन-तीनदा आली, मग अभ्यास आहे म्हणून यायची बंद झाली. आणि मला तेव्हा मनापासून वाटलं होतं की मी सगळ्यांचा वेळ वाचवला.

इतकी वर्षं क्लास बॅलन्सवर, म्हणजे जादूगार, चोर, फायटर यांत कोण वरचढ नको यावर, भांडलो ते सगळं डॅमेजच्या सरासरीवरून. त्या पेटीवरून कधीच नाही.

तुमचंही लिहा. कागदावरचा खेळ असो की कॉम्प्युटरवरचा.

तिसरा फासा
नॉक! आमच्याकडे तर चोर खेळणाऱ्याने सरळ क्लासच बदलला. एका मंत्राने कुलूप, दुसऱ्याने अदृश्य होणं. त्याचं काम काय उरलं मग? फायटर निदान मार तरी खायला लागतो.

काजवा
डायब्लो 2, कॉम्प्युटरवरचा. चेटकीण. तिची जादू म्हणजे एनर्जी, हे गृहीत धरून प्रत्येक लेव्हलचे पाचही पॉइंट एनर्जीत. मना (जादूची शक्ती) भरपूर, जीव नाही. व्हायटॅलिटीच्या एका पॉइंटला तिला 2 लाइफ मिळतं, रानटी योद्ध्याला 4, म्हणजे मुळातच नाजूक, त्यात मी एकही पॉइंट दिला नव्हता. नाइटमेअर या पुढच्या कठीण पातळीत एक बाण आणि आडवी. तेव्हा पॉइंट परत घ्यायची सोयच नव्हती, ती आली 2010 च्या 1.13 पॅचमध्ये. तोवर मी तिला तशीच ठेवली होती. डिलीट करवेना.

सांजवात
काजवा, अगदी असंच झालं माझं, धनुर्धारी घेऊन. वाईट वाटतं ना फार? इतके तास दिलेले असतात.

काजवा
हो ना. पण पॅच आला त्या रात्री तिचे पॉइंट पहिल्यांदा नीट लावले, ते सुख अजून लक्षात आहे.

भटक्या
बाल्डर्स गेट, 1998 चा. फासे पुन्हा टाकायचं रीरोलचं बटण. फायटर करत होतो, ताकद 18/92 आली (18 पुढचा आकडा शंभरातला, जितका मोठा तितका चांगला), बाकीचेही झकास. बोट वेगात होतं, पुढची क्लिक झालीच. गेलं. आकडे राखून ठेवायचं स्टोअरचं बटण शेजारीच होतं!! नंतर दीड तास दाबत बसलो. 18/51 वर थांबलो.

नुसतीच वाचक
एक विचारू का, विझडम आणि इंटेलिजन्स तुम्ही मराठीत कसं सांगता? भाच्यांना शिकवतेय. बुद्धी आणि शहाणपण सांगितलं तर म्हणाले एकच की.

रानवेल
@नुसतीच वाचक मी "भान" म्हणते. चाहूल लागणं, समोरचा खोटं बोलतोय हे कळणं, मोहाला बळी न पडणं, सगळं त्यात बसतं. पुस्तक वाचून कळतं ती बुद्धी. मुलांना पटकन कळलं.

भटक्या
भान! मस्त. उचलतोय.

नुसतीच वाचक
आणि करिझ्मा? छाप?

रानवेल
छाप चालेल. फक्त देखणेपणा म्हणू नका, मग सगळे तो 8 करतात.

चौथी खिडकी
मूळ धाग्यावर. आकडे मांडून बघा, तिसऱ्या आवृत्तीचेच. तिसऱ्या लेव्हलला कुलपाच्या कौशल्यात जास्तीत जास्त 6, चपळाई 18 चे 4, मिळून 10. साधारण कुलूप 25 चं, फासा आणि हे 10 मिळून तेवढे व्हायला हवेत. म्हणजे वीसच्या फाशावर 15 किंवा वर हवेत, 30 टक्के. नॉकला फासाच नाही, 100 टक्के. बॅलन्स तिथे मोडतो, फायरबॉलसारख्या मारक मंत्रावर नाही. नशिबाने मिळालेल्या 18 लाही दुसऱ्याच्या एका ओळीपुढे किंमत नाही.

पण खरी गोष्ट पुढे आहे. घाई नसेल, कोणी मारायला येत नसेल, तर फासा न टाकता वीस धरता येतात. 20 आणि 10, 30. चांगल्या दर्जाचं कुलूपसुद्धा उघडतं. वेळ दोन मिनिटं, आणि तुमचा मंत्र शाबूत. तिसऱ्या लेव्हलला त्या पातळीचे मंत्र दिवसाला दोनच असतात. म्हणजे नियमाने पण पेटी तिचीच होती. हा नियम डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, सांगायला हवा होता.

तिसरा फासा
हे वाचून हळहळलो. वीस धरायचा नियम आमच्यात कुणालाच माहीत नव्हता.

रानवेल
पाचव्या आवृत्तीत (2014) नॉक मारला की खटका होतो, 300 फुटांपर्यंत ऐकू जातो. छोटीशी ओळ, पण माझ्या टेबलावर आता आधी चोराला विचारतात. बॅलन्स म्हणून जे काही केलंय त्यातलं हे मला सगळ्यात आवडतं. मंत्र कमकुवत केला नाही, चोराला शांतपणा दिला.

सांजवात
उलटा अनुभव लिहिते. फासे न टाकता स्टँडर्ड अ‍ॅरे, म्हणजे सगळ्यांना तेच ठरलेले आकडे, घेतला, 15, 14, 13, 12, 10, 8. पाच जणांचे आकडे तेच. भांडणं संपली, मान्य. पण एकाचाही आकडा मला आज आठवत नाही. फाशांनी दिलेला 5 मात्र आठवतो, साध्वीची ताकद. तिची ढाल दुसरे उचलायचे, नदी ओलांडताना फायटर तिला पाठीवर घ्यायचा. तो फायटर खेळणारा फार बोलायचा नाही एरवी. नदी आली की आधीच म्हणायचा, "चल, बस."
कुकर झाला, नंतर येते.

काजवा
"चल, बस" 🙂

नुसतीच वाचक
फॉलआउट (1997) राहिला की. बुद्धी 3 ठेवून खेळलेलं कोणी? संवादच बदलतात, पात्राला धड बोलता येत नाही, लोक कामंच देत नाहीत. वर दर लेव्हलचे स्किल पॉइंटही बुद्धीवर, 5 अधिक बुद्धीची दुप्पट. फार एकटं वाटलं मला. अर्ध्यात सोडला.

चौथी खिडकी
एकटं वाटलं हे बरोबर पकडलंत. कमी आकड्याची किंमत त्या खेळाने खरी लावली.

भटक्या
@मूळ लेखक, बहिणीला दाखवली का शीट?

मूळ लेखक
आत्ता पाठवला फोटो. वीस धरायचं पण लिहिलं, चौथी खिडकीचं गणित जसंच्या तसं. बराच वेळ टाइप करतेय असं दिसत राहिलं. मग एवढंच आलं: "त्या पेटीत काय होतं रे? मी बघितलंच नव्हतं."

मलाही आठवत नाहीये. वहीत शोधतोय.