कुलकर्ण्यांचं मूळ डीएनएमध्ये सापडेल का?

वाय-डीएनए चाचणीतून 'कुलकर्णी' आडनावाचं मूळ सापडेल का, या प्रश्नावर थोडी भर. वाय गुणसूत्र (फक्त पुरुषांत असणारा डीएनएचा भाग) बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं जातं, आडनावही त्याच वाटेनं जातं, म्हणून इंग्लंडात हे काही अंशी जमतं. ऑक्सफर्डचे आनुवंशिकीतज्ज्ञ ब्रायन साइक्स यांनी स्वतःच्याच आडनावाचे पुरुष तपासले (अभ्यास २००० साली छापून आला). जवळपास निम्म्यांच्या वाय गुणसूत्राची ठेवण एकच निघाली, म्हणजे मूळपुरुष बहुधा एकच.

आपल्याकडे कुलकर्णी हा गावोगावचा हुद्दा होता. आडनाव एक, घराणी शेकडो! शिवाय दत्तक. मुलगा भाऊबंदांतला नसेल तर वंशावळ पुढे चालते, गुणसूत्र मात्र बदलतं. चाचणी करायचीच तर वंशावळीत जुळणाऱ्या लांबच्या चुलत्यालाही सोबत बसवा. एकट्याच्या निकालावरून आडनावाबद्दल काहीच कळणार नाही.