फुलीचा खडा म्हणावं की क्रूसाचा?

कृष्णाकाठ: सांगलीच्या आमच्या शाळेत प्रदर्शन आहे, त्याची पाटी लिहितेय. मामेभावाने अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून स्टॉरोलाइट या खनिजाचे दोन तपकिरी खडे आणलेत, प्रत्येकात दोन स्फटिक निसर्गतःच एकात एक घुसून क्रॉस झालेला. मी 'फुलीचा खडा' लिहिलं तर शेजारच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, फुली म्हणजे चूक, पोरांना वाटेल दगडच चुकलाय. काय लिहू?

वाईकर: फुली बरोबर, पण दोन्ही खड्यांना नाही. स्टॉरोलाइट दोन तऱ्हेने जुळतो, ६० अंशात तिरका नाहीतर जवळपास ९० अंशात. तिरकी ती फुली, काटकोनातलं ते अधिक. कोनमापक लावून बघा ना ताई.

मिरजमळा: परिभाषेत 'यमल स्फटिक' आहे की, नवीन कशाला घडवायचं?

कृष्णाकाठ: सहावीच्या पोरांना यमल? जुळा म्हणते मी.

मिरजमळा: जुळा म्हटलं की जुळं केळं डोळ्यापुढं येतं, शेजारी शेजारी चिकटलेलं. हे तर एकमेकांच्या आरपार गेलंय. आणि इंग्रजी नावातला ग्रीक 'स्तावरोस' म्हणजे मुळात उभा खांब, क्रूस नंतरचा, आपल्या 'स्थावर'मधला 'स्था' तोच. म्हणून क्रूस नको, स्थावरखडा म्हणा, मला तर फार आवडलाय हा शब्द.

वाईकर: स्थावर म्हटलं की लोक सातबारा काढतील दादा. फुलीच ठेवा, पण मग चियास्टोलाइट या दुसऱ्या फुलीवाल्या दगडाला काय म्हणणार? तो जुळा नाहीच, त्याच्या पोटात काळ्या कार्बनची फुली असते, आडवा कापला की दिसते.

खाणवाट: आमच्या कडेगावकडं विहिरीला सुरुंग लावला की चमकत्या पांढऱ्या गारा निघत्यात, त्यात घावंल का हा?

वाईकर: नाही हो, आपला काळा दगड लाव्हाचा, त्याच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, अपोफिलाइट अशी खनिजं मिळतात. स्टॉरोलाइटला मातीचा गाळ उष्णतेनं-दाबानं बदलून अभ्रकी शिस्ट, म्हणजे पापुद्र्यांचा चमकता खडक, व्हावा लागतो. विकत घेणार असाल तर जपून, मऊ दगडातून कोरलेलेपण विकतात, कानशीच्या रेघा दिसल्या तर घेऊच नका.

मिरजमळा: खाणवाट, गार म्हणजे फक्त क्वार्ट्झ, गारगोटी. तुमचं स्टिल्बाइट असेल तर ती गार नव्हे.

खाणवाट: आमची आजी चमकंल त्या प्रत्येक पांढऱ्या दगडाला गारच म्हणायची, तिचं चुकलं व्हय?

मिरजमळा: गारगोटीवर ठिणगी पडते, स्टिल्बाइटवर नाही. शब्दाला काही अर्थ नको का?

कृष्णाकाठ: कोन मोजला. एक ६०, एक ९०. आता दोघांना मिळून एक शब्द सांगा कुणीतरी.

खाणवाट: ठिणगीचं आधी सांगा, आजी चूल पेटवायची त्याच गारंनं.