डायल प्लॅनमधलं ‘ट्रान्स्लेशन’: मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: ऑफिसच्या फोन यंत्रणेची माहितीपुस्तिका मराठीत करते आहे. डायल प्लॅनमधल्या (म्हणजे फिरवलेला नंबर कुठे जोडायचा याच्या नियमांमधल्या) ‘नंबर ट्रान्स्लेशन’ला आधीच्या मसुद्यात ‘क्रमांकाचे भाषांतर’ लिहिलंय. कानाला खटकतं. पर्याय?

– ‘भाषांतर’ नकोच. तिथे भाषा बदलत नाही, आकडे बदलतात. कोणी ४१२७ हे एक्स्टेंशन फिरवलं की यंत्रणा त्याच्या आधी देशाचा कोड, एरिया कोड आणि संस्थेचे ठरलेले आकडे जोडून पूर्ण नंबर तयार करते. बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ दाबायची पद्धत असेल तर तो ९ गाळते. ‘रूपांतर’ लिहा, काम होईल.

– होईल, पण अर्धंच. सिस्को कंपनीच्या फोन यंत्रणेत ‘ट्रान्स्लेशन पॅटर्न’ आणि ‘ट्रान्सफॉर्मेशन पॅटर्न’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात नंबर बदलला की नव्या नंबराने वाट पुन्हा शोधली जाते. दुसऱ्यात फक्त आकडे बदलतात, कॉल कुठे जायचा त्यावर परिणाम नाही. दोन्हींना ‘रूपांतर’ म्हटलंत तर वाचणारा तंत्रज्ञ चुकीच्या ठिकाणी नियम घालेल. मी पहिल्याला ‘नंबर बदलून पुन्हा शोध’ म्हणेन. लांबट आहे, पण फसवत नाही.

– आणि मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये ‘नॉर्मलायझेशन’ आहे, त्याचं काय? ‘प्रमाणीकरण’?

– ते ऑथेंटिकेशनसाठी, म्हणजे ओळख पडताळण्यासाठी, आधीच रुळलंय, गोंधळ होईल. ‘प्रमाण रूप देणे’ म्हणा, ‘प्रमाण भाषा’ म्हणतो तसं. इथे प्रमाण म्हणजे ई.१६४, फोन नंबरांचं आंतरराष्ट्रीय मानक: आधी अधिक चिन्ह, मग देशाचा कोड, सगळे मिळून जास्तीत जास्त १५ आकडे. आत येताना प्रत्येक नंबर या रूपात आणायचा, बाहेर सोडताना पलीकडच्या लाइनला चालेल तसा करायचा. टीम्समध्ये नियम वरून खाली तपासतात आणि जुळणारा पहिला लागू होतो. त्यामुळे सैल नियम वर ठेवला की खालचे नेमके नियम नुसते शोभेला.

– शब्द कोणताही घ्या, ‘कॉल्ड’ आणि ‘कॉलिंग’ मात्र वेगळे ठेवा. ‘लावलेला नंबर’ आणि ‘लावणाऱ्याचा नंबर’, इतकं सोपं. पहिल्याला पूर्ण रूप दिलं आणि दुसरा तसाच सोडला, तर समोरच्याच्या फोनवर ४१२७ एवढंच दिसू शकतं, मग त्याने उलट फोन करायचा कुठे?

– ‘लावणाऱ्याचा नंबर’ घेतला. ‘भाषांतर’ खोडलं. ‘डायल प्लॅन’ मात्र तसाच ठेवते, ‘क्रमांकयोजना’ म्हटलं तर ऑफिसात कोणी ओळखणार नाही.