पॅरिसच्या छोट्या फ्लॅटमधली फायरप्लेस ठेवावी की काढावी?

दगडीजिना:
३० चौरस मीटरच्या फ्लॅटमध्ये संगमरवरी फायरप्लेस म्हणजे जागेची नासाडी, असं हल्ली सर्रास ऐकू येतं. मला ते मुळीच पटत नाही. पॅरिसची नव्याने आखणी करणारा ओस्मान १८५३ ते १८७० शहराचा कारभार बघत होता. त्याच्या वळणाच्या इमारती पुढेही बांधल्या गेल्या, आणि त्यांतली खोली ओळखू येते ती फायरप्लेस, तिच्यावरचा आरसा, छताकडेची प्लास्टरची नक्षी आणि ओकची जमीन यांमुळेच. ओकच्या पट्ट्या टोकांना तिरक्या कापून बाणाच्या आकारात जोडलेल्या असतात. खिडकीतून तिरपं ऊन आलं की एक रांग उजळ दिसते, शेजारची गडद, आणि तुम्ही दोन पावलं सरकलात की उलट. लॅमिनेटला हे जमत नाही. किचन खुशाल नवं करा, पण कपाटं नक्षीच्या खालीच थांबवा.

चौरसमीटर:
फोटोपुरतं छान! राहणाऱ्याने कपडे कुठे ठेवायचे? शिवाय यातले कितीतरी फ्लॅट मोठ्या घरांचे तुकडे पाडून झालेत. छतावरची नक्षी तीन बाजूंनी येते आणि चौथ्या बाजूला पार्टिशनमध्ये घुसून गायब होते. मधलं प्लास्टरचं फूल अर्धं तुमच्याकडे, अर्धं शेजाऱ्याच्या बाथरूममध्ये. यात जपायचं काय?

दगडीजिना:
तेच जपायचं. तुटलेली नक्षी नव्या साच्याने पुरी करू नये. पार्टिशन सपाट, साधं ठेवावं, म्हणजे जुनं कुठे संपलं ते दिसतं.

पोटमाळा:
तुम्ही दोघं खालच्या मजल्यांवरच फिरताय. जस्ताच्या छपराखाली नोकरांसाठी बांधलेल्या खोल्यांत आज विद्यार्थी राहतात. भाड्याने द्यायला किमान ९ चौरस मीटर आणि २.२० मीटर उंची, नाहीतर २० घनमीटर जागा लागते. उन्हाळ्यात छप्पर तापलं की आत बसवत नाही. १९२७ च्या सालों दोतोन प्रदर्शनात डिझायनर शार्लोत पेरियांने आपल्या पोटमाळ्यावरच्या घरातल्या कल्पनेवरून स्टील-ॲल्युमिनियमचा बार, म्हणजे पेयपानाचा कोपरा, मांडला. तिने संगमरवराची नक्कल केली नाही. या खोल्यांना तोच रस्ता बरोबर आहे.

चौरसमीटर:
उष्णतेचा विषय निघालाच आहे, तर घर किती ऊर्जा खातं त्यावरून फ्रान्समध्ये मिळणाऱ्या ए (उत्तम) ते जी (सर्वांत वाईट) या ऊर्जा-श्रेणीचंही बोला. १ जानेवारी २०२५ पासून जी श्रेणीच्या घराचा नवा भाडेकरार करता येत नाही, २०२८ पासून एफचाही नाही. कोरीव दगडी दर्शनी भिंतीवर बाहेरून इन्सुलेशन लावू देणार कोण? ते आतूनच करावं लागतं, म्हणजे नक्षी झाकली जाते. भाडेकरूने थंडीत कुडकुडायचं, का तर तुम्हाला फुलं आवडतात?

दगडीजिना:
कुणी कुडकुडावं असं मी म्हणतच नाही. आधी खिडक्या बदला: लाकडीच, जुन्या विभागणीच्या, पण दुहेरी काचेच्या. धुराड्यातून येणारा वारा बंद करा. छपराचं इन्सुलेशन सगळ्या सहमालकांनी मिळून करायचं काम आहे, आणि ते टाळलं जातं हे खरं दुखणं. राहिली फायरप्लेस, तर ती बहुधा आतल्या किंवा शेजारच्या इमारतीला लागून असलेल्या भिंतीत असते. बाहेरच्या भिंतीला अस्तर लावताना तिला हात लावायची गरजच नसते.

चौरसमीटर:
मग खिडकीकडच्या भिंतीवरची नक्षी जाऊ द्यायला तयार आहात?

दगडीजिना:
वाईट वाटेल, पण हो. फायरप्लेस मात्र नाही. कपाट तिच्या दोन्ही बाजूंच्या खोबणींत बसवा.