खाडीत ल्युअरने मासेमारीसाठी ५० पौंडाची ब्रेड लाइन कशाला?

खाडीत ल्युअरने (नकली आमिषाने) मासे धरायला कोणती लाइन घ्यावी, यावर "जिताडा लागणार असेल तर ५० पौंडाचीच ब्रेड घ्या" असं एकाने सुचवलंय. ब्रेड म्हणजे विणलेली लाइन आणि पौंड म्हणजे ती तुटण्याआधी पेलते तो भार. खाडीसाठी मला ते पटत नाही. ड्रॅग (मासा किती जोराने ओढायला लागला की रीळ लाइन सोडेल, ती मर्यादा) साधारण लाइनच्या ताकदीच्या पाव हिश्श्यावर लावतात. ३० पौंडाच्या ब्रेडला तो साडेतीन किलोच्या आसपास येतो. हाताला तेवढाच जड जातो; तेवढा ड्रॅग लावून कुणाला तरी लाइन ओढायला सांगा आणि रॉड धरून बघा, मग बोलू!

जाड ब्रेड १५-२० ग्रॅमच्या ल्युअरला लांब जाऊ देत नाही. त्यात समोरून वारा असला की लाइनला झोळ पडतो आणि माशाने तोंड लावलेलं हाताला कळतच नाही.

पाकिटावरच्या पौंडांवर फार विसंबू नका, ते कंपनीगणिक बदलतात. पीई नंबर बघा, तो जाडी सांगतो: पीई १ म्हणजे ०.१६५ मिमी, पीई २ म्हणजे ०.२३५ मिमी. उघड्या खाडीत पीई १.५ ते २ पुरे. तिवरांच्या मुळांत तांबोशीच्या मागे जाणार असाल तर मात्र पीई ३ घ्या. हा मासा गळाला लागल्या लागल्या मुळांत शिरतो, तिथे खेळवत बसायला वेळ नसतो.

बाकी ब्रेड तुटते ती बहुतेकदा कालवांवर घासून. तिथे ५० पौंडाचीही डाळ शिजत नाही. शिवाय जिताड्याच्या कल्ल्याला धार असते. म्हणून पुढे ४० पौंडाचा मीटर-दीड मीटर लीडर (ब्रेड आणि ल्युअर यांच्यामधला, घासण्याला टिकणारा लाइनचा तुकडा) हवाच, एफजी गाठीने (ब्रेडला लीडर जोडायच्या गाठीने) जोडलेला. रॉडवर लाइनची मर्यादा लिहिलेली असते, लाइन विचारणाऱ्याने तीही इथे टाकावी.