परसात एकच झाड लावायचं तर शेवगा की हादगा?

काळीमाती: नमस्कार मंडळी. सांगलीजवळ घरामागे 15 बाय 10 फुटांची मोकळी जागा आहे. माती काळी आणि चिकट. झड लागली की दोन-तीन दिवस पाणी हटत नाही. ऊन सकाळी 8 ते दुपारी 3 पर्यंत चांगलं मिळतं. पश्चिमेला कुंपणाला लागूनच शेजाऱ्यांचा पत्रा आहे. घरात शेवग्याच्या शेंगा, पाला, हादग्याची फुलं सगळं आवडीनं खातात. या जागेत कुठलं झाड टिकेल? उंची हाताच्या टप्प्यात ठेवता येईल का? आणि दोन्ही जवळजवळ लावली तर चालतील का?

पानमळा: तुमच्या जागेचा निकाल ऊन नाही, पाणी लावणार आहे. शेवग्याची मुळं मांसल, मऊ असतात. काळ्या मातीत दोन दिवस पाणी तुंबलं की ती कुजायला लागतात. पानं पिवळी पडून गळतात, बुंध्याजवळची साल दाबली तर ओली आणि मऊ लागते. तिथवर गेलेलं झाड सहसा परत येत नाही. हादग्याचं उलट आहे. पाणी साचलं तर तो पाण्याच्या पातळीजवळ नवी, स्पंजासारखी मुळं काढतो आणि त्यांतून हवा घेतो. पानमळ्यात वेलीला आधार म्हणून शेवरी, पांगाऱ्यासोबत हादगा लावतात, तिथे जमीन जवळजवळ कायम ओली असते. तेव्हा जमीन आहे तशीच ठेवायची असेल तर हादगा लावा.

लावणी सोपी आहे. बी रात्रभर पाण्यात भिजवा, जूनच्या पहिल्या पावसानंतर जागेवरच अर्धा इंच खोल टोका, आठवडाभरात उगवतं. एका जागी तीन बिया टाकून जोमदार रोप ठेवा. शेणखत एक पाटी पुरे. मुळांवर हवेतलं नत्र धरणाऱ्या गाठी होतात, त्यामुळे युरिया देऊ नका. वरून नत्र मिळालं की गाठी कमी बनतात.

शेंगवाली: वरचं सगळं मान्य, पण म्हणून शेवगा बाद करू नका. शेंग, पाला, फुलं तिन्ही एका झाडावर मिळतात, आणि पाण्याला उपाय आहे. खड्डा करू नका, उंचवटा करा. 4 फूट रुंद आणि दीड ते दोन फूट उंच ढीग: दोन भाग तुमची माती, एक भाग मुरूम किंवा भरड वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत, त्यात अर्धा किलो निंबोळी पेंड. बी ढिगाच्या माथ्यावर लावा आणि एका बाजूने पाणी वाहून जायला चर काढा. काळ्या मातीत खड्डा खणून त्यात भुसभुशीत मिश्रण भरलं तर आजूबाजूचं पाणी त्याच खड्ड्यात उतरतं. बहुतेक शेवगे तिथेच मरतात.

बी की फांदी, हेही ठरवून घ्या. फांदी लावली की सोटमूळ बनत नाही, वरवरची मुळं राहतात, आणि ओल्या काळ्या मातीत वाऱ्यानं झाड आडवं होतं. शेजारी पत्रा आहे, त्यामुळे बीच लावा. जात तमिळनाडूतल्या पेरियाकुलमची पीकेएम-1 किंवा दापोलीची कोकण रुचिरा. पीकेएम-1 ला सहा महिन्यांच्या आसपास शेंगा मिळू लागतात. बी ताजं घ्या, वर्षभर पडून राहिलेल्या बियांची उगवण फार घटते. पिशवीतलं रोप घेणार असाल तर महिन्याभराचं घ्या. जुन्या रोपाचं सोटमूळ तळाशी गुंडाळलेलं असतं.

फूल धरतं आणि गळतं ही तक्रार कायम येते. कारणं बहुधा दोनच: फुलोऱ्यात भरपूर पाणी, किंवा माती पार कोरडी होऊन मग एकदम पाणी. फुलं दिसली की हलकं, पण नेमानं पाणी द्या. नत्र जास्त झालं तर नुसता पाला माजतो.

कोयता: उंचीबद्दल कुणी बोललं नाही. इथेच दोन झाडांत सगळ्यात मोठा फरक आहे आणि इथेच लोक झाडं घालवतात.

शेवगा कितीही छाटा, फुटतो. रोप अडीच-तीन फुटांचं झालं की शेंडा खुडा. बगलफुटी दोन फुटांच्या झाल्या की त्यांचेही शेंडे खुडा. शेंगांचा बहार संपला की खोड जमिनीपासून तीन फुटांवर तिरकं कापा आणि कापावर शेण-माती लिंपा, नाहीतर पाणी आत मुरून खोड पोकळ होतं. छाटणी टाळली तर झाड 20-25 फूट जातं, लाकूड ठिसूळ, आणि वळवाच्या वाऱ्यात फांदी थेट पत्र्यावर.

हादग्याला ही छाटणी चालत नाही. सगळा पाला एकदम ओरबाडला किंवा खोड खाली कापलं की बरीच झाडं वाळूनच जातात. लहानपणी, चार-पाच फुटांवर असताना एकदा शेंडा खुडा. त्यानंतर फक्त बाजूच्या फांद्या, एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त नाही, आणि तेही हिवाळ्यातला बहार संपल्यावर. तरी तो उंच जाणारच. फुलं काढायला आकडी लागेल हे धरून चला. त्याचं आयुष्यही मुळात कमी, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी बाजूला एक नवं बी टोकून ठेवा.

किडींचं थोडक्यात. शेवग्यावर पावसाळ्यात केसाळ अळ्या खोडावर झुंडीनं बसतात. हात लावू नका, खाज सुटते. मशालीनं जाळायची पद्धत आहे, पण साल भाजते. लिटरला 5 ग्रॅम साबणाचं पाणी जोरात मारून खाली पाडा. हादग्यात खोड पोखरणारी अळी येते. बुंध्याशी भुसा दिसला की छिद्रात तार घालून तिला मारा आणि छिद्र चिखलानं बुजवा.

काळीमाती: फारच उपयोगी माहिती, आभार. मग दोन्ही लावली तर? हादगा नत्र देतो म्हणे, म्हणजे शेवग्याला खत कमी लागेल का?

पानमळा: तसा थेट फायदा होत नाही. गाठींतलं नत्र आधी हादगा स्वतःच वापरतो. त्याचा गळलेला पाला आणि मेलेली मुळं कुजली की मगच ते शेजाऱ्याला मिळतं. पाला शेवग्याच्या बुंध्याभोवती पसरत गेलात तर उपयोग होईल, पण शेणखत बंद करू नका.

शेंगवाली: दोन्ही लावा. शेवगा उंचवट्यावर पूर्वेकडे, हादगा सखल कोपऱ्यात पण पत्र्यापासून लांब, मध्ये 10 फूट तरी ठेवा. हादग्याची सावली विरळ असते, तरी शेवग्यावर दुपारचं ऊन अडता कामा नये.

स्वयंपाकघराचं वेळापत्रकही छान जुळतं. शेवग्याचा कोवळा पाला पावसात. कोकणात गोकुळाष्टमीला शेगलाची भाजी आणि आंबोळ्या करतात ती याच पाल्याची. पाला ओरपताना मधल्या काड्या टाका, त्या शिजत नाहीत. मग हस्त नक्षत्राच्या सुमारास, भोंडल्याच्या दिवसांत, हादग्याची फुलं सुरू होतात आणि थंडीत चालू राहतात. फूल सकाळी लवकर काढा. देठाकडचा हिरवा पेला तोडा आणि मधला लांब वाकडा केसर ओढून टाका, कडवटपणा त्यातच असतो. पाकळ्या भिजवलेल्या मूगडाळीबरोबर, मिरची-खोबरं घालून परता. डाळ आधी अर्धी शिजवून घ्या. पाकळ्यांना चार-पाच मिनिटं पुरतात, जास्त झाल्या की गोळा होतो. लाल फुलाचं झाड बागेत सुंदर दिसतं, पण फूल जास्त कडू. खायचं असेल तर पांढऱ्याचंच बी मागा.

शेवग्याच्या मुळाची साल घरगुती औषध म्हणून वापरू नका, गरोदरपणात तर अजिबात नाही. पाला, फुलं, शेंगा एवढंच खा.

कोयता: एक राहिलं. उंचवटा आत्ताच, मे महिन्यातच करून ठेवा. पहिल्या पावसात ढीग बसतो, तेव्हा वरून आणखी पाटीभर माती टाका आणि मगच बी टोका. उगवलेल्या रोपाच्या बुंध्याशी नंतर भर घातली तर खोडाला ओल लागून तिथेच कूज धरते.