नोकरी गेली यंदा, अर्ज मागतो २०२४ चे उत्पन्न : मुलाच्या कॉलेजसाठी फाफ्सा कसा भरावा?

पारिजात (न्यू जर्सी)

नमस्कार. माझा मुलगा यंदा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढच्या ऑगस्टमध्ये त्याचे कॉलेज सुरू होईल. आम्हा चौघांकडेही ग्रीन कार्ड आहे. मोठी मुलगी सरकारी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या प्रवेशाच्या वेळी आम्हा दोघांचे उत्पन्न बरे होते, त्यामुळे ‘आपल्याला कसली मदत मिळणार’ असे म्हणून आम्ही अर्जाच्या वाटेलाच गेलो नाही. या, २०२५ च्या, मे महिन्यात यजमानांची नोकरी गेली, ती अजून मिळालेली नाही, आणि सध्या माझ्या अर्धवेळ पगारावर व साठवलेल्या पैशांवर घर चालले आहे.

परवा रात्री जेवणे आटोपल्यावर मुलगा आणि मी फाफ्साचा, म्हणजे कॉलेजच्या खर्चासाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारची मदत मागण्याचा, अर्ज भरायला बसलो. नाव, जन्मतारीख, कॉलेजांची यादी इथपर्यंत सगळे सुरळीत झाले. मग पालकांची संमती मागितली गेली आणि २०२४ च्या टॅक्स रिटर्नवरची माहिती थेट घेतली जाईल असे वाक्य समोर आले, तेव्हा यजमान मागून म्हणाले, ‘म्हणजे ज्या वर्षी बोनससकट पूर्ण पगार मिळाला, नेमके तेच वर्ष.’ त्यानंतर लॅपटॉप जो मिटला तो अजून उघडलेला नाही.

आमच्या शंका अशा आहेत. आज हाती नसलेल्या पगारावर आमची ऐपत ठरणार असेल तर अर्ज करण्यात काही अर्थ आहे का? कोथरूडला यजमानांच्या आणि सासूबाईंच्या नावावर एक फ्लॅट आहे, त्यात सासूबाई स्वतः राहतात आणि आम्हाला त्यातून एक रुपयाही येत नाही; तरी तो दाखवावा लागतो का? दोन मुले एकाच वेळी कॉलेजात असली की सवलत मिळते असे ऐकले होते, ते खरे आहे का? शिवाय मुलाच्या यादीतली दोन खाजगी कॉलेजे सीएसएस प्रोफाइल नावाचा आणखी एक अर्ज मागत आहेत. तो याच माहितीचा दुसरा अवतार आहे की वेगळे काही आहे?

हिशेबनीस

पारिजातताई, मी गेली काही वर्षे आमच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात शनिवारी बसून मुलांना हा अर्ज भरायला मदत करतो. तुमच्यासारखी कुटुंबे दरवर्षी येतात, आणि बहुतेक जण याच पानावर थांबून परत गेलेले असतात.

आधी मुख्य गोष्ट. फाफ्सा दोन वर्षांपूर्वीचेच उत्पन्न पाहतो, त्यामुळे २०२६-२७ साठी २०२४ हेच वर्ष धरले जाईल आणि तो आकडा तुम्हाला अर्जात बदलता येणार नाही. बदलायचा प्रयत्नही करू नका. मात्र अर्जावरून निघणारा कुटुंबाच्या ऐपतीचा निर्देशांक, ज्याला स्टुडंट एड इंडेक्स म्हणतात, तो शेवटचा शब्द नसतो. उच्च शिक्षणाच्या कायद्यानेच प्रत्येक कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला असा अधिकार दिला आहे की, नोकरी जाणे, आजारपण, घटस्फोट किंवा मृत्यू यांमुळे कुटुंबाची स्थिती पालटली असेल तर कागदपत्रे पाहून त्यांनी त्या एका विद्यार्थ्यापुरते आकडे बदलावेत. याला ‘प्रोफेशनल जजमेंट’ म्हणतात. कॉलेजच्या संकेतस्थळावर ते बहुधा ‘स्पेशल सर्कमस्टन्सेस’ या नावाखाली सापडेल. पण बदलण्यासाठी आधी काहीतरी असावे लागते. अर्जच नसेल तर त्या कार्यालयाच्या हाती काही राहत नाही.

हा निर्णय प्रत्येक कॉलेज स्वतःपुरता घेते आणि त्यावर शिक्षण खात्याकडे दाद मागता येत नाही. त्यामुळे सहा कॉलेजांना सहा पत्रे लिहावी लागतील, आणि एकाने मान्य केले म्हणून दुसरे करेलच असे नाही. कंपनीचे नोकरी संपल्याचे पत्र, शेवटची पगाराची पावती, सोडताना एकरकमी पैसे मिळाले असतील तर त्याचा कागद, आणि बेकारी भत्त्याची विवरणपत्रे आत्ताच एका फाइलीत लावून ठेवा. पत्र एका पानाचे पुरे. त्यात दुःखाचे वर्णन कमी आणि तारखा व आकडे जास्त असावेत: अमुक तारखेला नोकरी गेली, २०२४ मध्ये एवढे उत्पन्न होते, २०२५ मध्ये एवढे होईल, २०२६ मध्ये एवढे अपेक्षित आहे. एकरकमी मिळालेल्या पैशांमुळे २०२५ चे उत्पन्न फुगलेले दिसत असेल तर ते वेगळे काढून दाखवा, कारण ते पैसे पुन्हा येणार नाहीत हे समोरच्याला आपोआप कळत नाही.

फ्लॅट दाखवावा लागतो. तुम्ही स्वतः राहता ते घर फाफ्सा विचारत नाही, निवृत्तीची खाती विचारत नाही, पण इतर सगळी स्थावर मालमत्ता, मग ती कोथरूडला असो की कॅलिफोर्नियात, गुंतवणूक म्हणून मोजली जाते. दाखवायचा तो फक्त यजमानांचा हिस्सा, कर्ज असेल तर ते वजा करून, आणि अर्ज भरण्याच्या दिवशीच्या दराने डॉलरमध्ये. रेडी रेकनरचा दर लिहू नका, तो मुद्रांक शुल्कासाठी असतो. अर्जाला बाजारभाव हवा आहे. त्याच सोसायटीतला एखादा फ्लॅट अलीकडे कितीला गेला हे सासूबाईंना ठाऊक असेलच. आणि यामुळे सगळे बुडाले असेही समजू नका. फ्लॅट ८० लाखांचा आणि निम्मा हिस्सा ४० लाखांचा असेल, तर डॉलरला ८८ रुपये धरून साधारण ४५,००० डॉलर होतात. पालकांच्या मालमत्तेचा जास्तीत जास्त ५.६४ टक्के भाग निर्देशांकात धरला जातो, म्हणजे अडीच हजार डॉलरच्या आसपास. उत्पन्नाचा परिणाम याच्या कितीतरी पट असतो, म्हणून सगळा जोर तुमच्या पत्रावर हवा.

दोन मुलांची सवलत पूर्वी होती. २०२४-२५ पासून फाफ्साच्या सूत्रातून ती काढून टाकली. किती मुले कॉलेजात आहेत हा प्रश्न अर्जात अजून विचारतात, पण निर्देशांक काढताना त्याचा उपयोग होत नाही. सीएसएस प्रोफाइल मागणारी बरीच कॉलेजे मात्र ही गोष्ट अजूनही विचारात घेतात, आणि तुमच्या बाबतीत तो अर्ज मनापासून भरण्याचे ते एक कारण आहे. तो अर्ज कॉलेज बोर्डाचा आहे, सरकारी नाही. न्यू जर्सीतल्या रटगर्ससारख्या सरकारी विद्यापीठाला फाफ्सा पुरतो. प्रोफाइल मुख्यतः खाजगी कॉलेजे मागतात, शिवाय अ‍ॅन आर्बरच्या मिशिगनसारखी काही मोजकी सरकारी विद्यापीठेही. त्यात राहत्या घराची किंमतही विचारतात, आणि परिस्थिती बदलली असेल तर ते सविस्तर लिहायला जागा असते. पहिल्या कॉलेजसाठी २५ आणि पुढच्या प्रत्येकासाठी १६ डॉलर शुल्क आहे. उत्पन्न एक लाख डॉलरपर्यंत असेल तर ते माफ होते.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट सांगतो. मुलीसाठी २०२५-२६ चा फाफ्सा अजूनही भरता येतो. केंद्र सरकारची मुदत ३० जून २०२६ पर्यंत आहे. तिच्या विद्यापीठालाही नोकरी गेल्याचे पत्र द्या. अनुदान मिळो न मिळो, फाफ्सा भरल्यावर तिला स्वतःच्या नावावर केंद्र सरकारचे कर्ज मिळू शकते: पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि त्यापुढे दरवर्षी ७,५०० डॉलरपर्यंत. श्रीमंतांच्या मुलांनाही ते मिळते, अट फक्त अर्जाची आहे.

मध्यरात्र

स्पष्टच लिहितो. भारतातला फ्लॅट दाखवू नये. आमच्या ओळखीत कोणीही दाखवलेला नाही आणि कोणाला काहीही झालेले नाही. कोथरूडला काय आहे हे इथे कोण बघायला जाणार आहे?

हिशेबनीस

मध्यरात्र, कोणी बघायला जात नाही हे अनेकदा खरे असते. पण अर्जाच्या शेवटी विद्यार्थी आणि पालक दोघेही सही करतात, आणि जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास २०,००० डॉलरपर्यंत दंड, तुरुंगवास किंवा दोन्ही होऊ शकते असे तिथेच लिहिलेले असते. इथे तर कुटुंब स्वतः कार्यालयाला पत्र लिहून ‘आमची कागदपत्रे तपासा’ असे सांगणार आहे. त्यांनी पूर्ण टॅक्स रिटर्न मागितले आणि त्यात भारतातल्या खात्याचे व्याज दिसले, तर पुढचा प्रश्न भारतातल्या इतर मालमत्तेचाच येईल. अडीच हजारांसाठी अठरा वर्षांच्या मुलाची सही पणाला लावू नये. तो उद्या नागरिकत्वाचा अर्ज करणार आहे, हेही विसरू नये.

कृष्णाकाठ

आमचा अनुभव लिहिते, कारण तो फ्लॅटचा नसून शेतीचा आहे. सातारा जिल्ह्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे आणि सातबाऱ्यावर चार भावांची नावे आहेत. आम्ही यजमानांचा चौथा हिस्सा दाखवला. मुलीच्या कॉलेजने (नाव लिहीत नाही) कागद मागितला, तेव्हा मी सातबाऱ्याचा उतारा इंग्रजीत करून पाठवला. चार दिवसांनी कार्यालयातून फोन आला की ‘गुंठा’ म्हणजे काय. चाळीस गुंठ्यांचा एक एकर, हे मी त्या बाईंना फोनवर समजावले. मग त्यांनी विचारले की तिथे काय पिकते आणि उत्पन्न कोण घेते. ऊस, आणि उत्पन्न धाकटे दीर घेतात, असे सांगितल्यावर त्यांनी तसे दोन ओळींत लिहून मागितले. दिरांनी मराठीत लिहून सही केली, मी खाली भाषांतर जोडले, आणि तेवढ्याने काम झाले. भारतातल्या मालमत्तेबद्दल त्यांना माहिती कमी असते, पण ऐकून घेण्याची तयारी असते, असे माझे मत झाले.

एक सावधगिरी मात्र सांगते. २०२६-२७ पासून कौटुंबिक शेती फाफ्सात मोजणार नाहीत असे वाचून कोणी लगेच आनंदू नये. ती सूट कुटुंब ज्या शेतावर राहते त्या शेताला आहे. आपण राहतो न्यू जर्सीत आणि शेत आहे कराडजवळ. ती जमीन गुंतवणुकीतच धरावी लागेल.

वाट_पाहणारा

मूळ विषयाला थोडे सोडून विचारतो, त्याबद्दल क्षमस्व. आम्ही अजून एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत, मुलगी एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर आहे आणि पुढच्या वर्षी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला जाईल. तिला यातले काय लागू होते?

हिशेबनीस

केंद्र सरकारची मदत नागरिकांना, ग्रीन कार्डधारकांना आणि निर्वासितांसारख्या काही मोजक्या वर्गांना मिळते. एच-४ त्यात येत नाही. त्यामुळे तुमचा मार्ग खाजगी कॉलेजांच्या स्वतःच्या निधीतून जातो आणि त्यासाठी बहुधा सीएसएस प्रोफाइलच भरावे लागेल. बहुतेक कॉलेजे परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली की प्रवेश द्यायचा की नाही हे ठरवतानाच त्या मदतीचा खर्चही विचारात घेतात. एमआयटी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, अ‍ॅमहर्स्ट अशी थोडी आहेत जी तसे करत नाहीत, पण तिथला प्रवेश किती अवघड आहे हे वेगळे सांगायला नको. यादी करताना प्रत्येक कॉलेजला ‘एच-४ ला तुम्ही कोणत्या गटात धरता’ हा प्रश्न लेखी विचारा. उत्तरे एकसारखी येत नाहीत.

पारिजात

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री अर्ज पूर्ण करून पाठवला. आम्ही दोघांनी एकत्र टॅक्स रिटर्न भरले असल्यामुळे एकाच पालकाची संमती पुरली. यजमानांनी ती दिली आणि सही करताना काही बोलले नाहीत. फ्लॅटचा निम्मा हिस्सा दाखवला. सासूबाईंना फोन केला तर त्यांनी वरच्या मजल्यावरचा फ्लॅट दिवाळीत कितीला विकला गेला ते तर सांगितलेच, वर घेणाऱ्यांच्या घरात किती माणसे आहेत तेही सांगितले.

आता एकच शंका उरली आहे. मुलाचे सगळ्यात आवडते कॉलेज खाजगी आहे आणि त्याला तिथे दुसऱ्या फेरीत, जानेवारीत, प्रवेश मिळाला तर तिथेच जायचे अशा बांधील अटीवर अर्ज करायचा आहे. मिळणारी मदत कळण्याआधी असे बांधून घ्यावे का?

दोघींची_आई

पारिजात, मी यातून दोनदा गेले आहे. बांधील अर्ज केला तरी मिळालेल्या मदतीत शिक्षण परवडत नसेल तर त्या कॉलेजकडून मोकळीक मागता येते, ही एवढी एक वाट आहे. पण त्यामुळे इतर कॉलेजांची पत्रे शेजारी ठेवून तुलना करण्याची संधी जाते, आणि तुमच्या परिस्थितीत मी ती सोडली नसती. सहा कॉलेजे सहा प्रकारे तुमचे पत्र वाचणार आहेत. कोणाची मर्जी कशी लागेल ते मार्चअखेरपर्यंत कळत नाही.

त्याआधी आज रात्रीच एक काम करा. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर मदत वजा जाता आपल्याला किती खर्च येईल याचा अंदाज देणारा ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ असतो, तो ठेवणे त्यांना बंधनकारक आहे. त्यात एकदा २०२४ चे आकडे आणि एकदा यंदाचे आकडे घालून पाहा. दोन्ही उत्तरांतला फरक ज्या कॉलेजात सगळ्यात मोठा असेल, तिथे तुमच्या पत्राने सगळ्यात जास्त फरक पडू शकतो.

आणि पत्रे येतील तेव्हा एकूण मदतीच्या ठळक आकड्यावर जाऊ नका. आमच्या मोठीच्या वेळी एका पत्रात एकूण मदत भरघोस दिसत होती. पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ वाचली तेव्हा कळले की त्यात पालकांनी केंद्र सरकारकडून घ्यायचे प्लस कर्जही मिळवलेले होते. १ जुलै २०२६ पासून त्या कर्जालाही एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा येत आहे, त्यामुळे ‘उरलेले प्लसवर भागवू’ हा हिशेब आता सगळीकडे चालणार नाही. अनुदान आणि शिष्यवृत्ती एका बाजूला लिहा, कर्ज आणि कॅम्पसवरच्या कामाची कमाई दुसऱ्या बाजूला, आणि फी, राहणे, जेवण, पुस्तके या सगळ्यांतून फक्त पहिली बाजू वजा करा. उरेल तो आकडा मुलालाही दाखवा. आमच्या धाकटीने तो पाहून स्वतःच यादीतले दुसरे कॉलेज निवडले. कॉलेजला होकार कळवण्याची १ मेची मुदत यायला तेव्हा अजून नऊ दिवस बाकी होते.

पारिजात

मुलाला हे सगळे वाचून दाखवले. बांधील अर्ज करायचा नाही असे ठरले. थोडा रुसला आहे, पण कॅल्क्युलेटर तोच भरतो आहे. मुलीच्या २०२५-२६ च्या अर्जाला उद्या बसणार आहोत.